हाताआधीची चाल

डॉक्टर ऐनापुरेंनी हत्ती उचलला आणि भिंतीपलीकडच्या हॉलमधून कुजबुज ऐकू आली. नीलांबरी चौगुलेने पटावरून पुन्हा नजर फिरवली. पलीकडे बसलेल्या लोकांना काहीतरी दिसलं होतं आणि ते तिला दिसत नव्हतं.

कृष्णाकाठ बुद्धिबळ मंडळाची ही अंतिम फेरी होती. मिरजेच्या उन्हाळ्यात पंखे नुसते गरम वारा ढकलत होते. जो जिंकेल तो राज्य पातळीवर मंडळातर्फे खेळणार होता. नीलांबरी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची, ऐनापुरे शहरातले डोळ्यांचे सर्जन. दोघंही काही मोठे खेळाडू नव्हते. कितीतरी वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी एकमेकांसमोर बसायचे, हरायचे, जिंकायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. पण दोघांच्याही मनात राज्य स्पर्धेची हौस होती आणि दोघांचीही पन्नाशी उलटून गेली होती.

नीलांबरीने डाव्या हाताने उजव्या हातावरचा पट्टा जरा सैल केला. घामाने तो चिकटत होता.

त्या पट्ट्याला सगळे ‘चाहूल’ म्हणायचे. दाताच्या टोपीत मावतील एवढाली यंत्रं निघाली आणि गल्लीतल्या स्पर्धांमध्येसुद्धा लोक संगणकाने सुचवलेल्या चाली खेळायला लागले, तेव्हा हा पट्टा आला. त्यामागचं शास्त्र नीलांबरी वर्गात आवडीने समजावून सांगायची. आपण हात हलवतो त्याच्या आधी मेंदूकडून स्नायूंना आज्ञा निघते. नुसता विचार केला, की हा घोडा तिथे ठेवावा, तरीही कोपरापासून बोटांपर्यंत अगदी क्षीण वीज धावून जाते. तिने हातावरचा केससुद्धा हलत नाही, पण पट्ट्यातल्या तारांना ती कळते. टेबलाच्या कडेला बसवलेला कॅमेरा नजर कुठे फिरते ते टिपतो. दोन्हींचा मेळ घातला की खेळाडूच्या मनात कुठलं मोहरं आहे आणि कुठलं घर आहे, ते हाताच्या आधी कळतं. अर्थात प्रत्येक पट्ट्याला आधी त्या-त्या माणसाचा हात शिकवावा लागतो.

नियम सोपा होता. माणसाने स्वतः विचार करून खेळलेल्या चालीचा माग त्याच्या शरीरात सापडतो. मोहरं ज्या घरात पडलं त्या घराचा मागच नसेल, तर ती चाल बाहेरून आली असं समजायचं. तीनदा तसं झालं की टेबलावरचा दिवा लाल होतो आणि डाव थांबतो.

पण मंडळाने पुढचं पाऊल टाकलं होतं. प्रेक्षक मिळावेत म्हणून दोन्ही खेळाडूंचे विचार शेजारच्या हॉलमधल्या पडद्यावर बाणांनी दाखवायला सुरुवात केली. लोक मनातल्या चाली बघायला गर्दी करू लागले. नीलांबरीचा नवरा रणधीर, ज्याने आयुष्यात कधी प्यादं हलवलं नव्हतं, तोही आता प्रत्येक फेरीला यायचा आणि जेवताना सांगायचा, “आज तू घाबरली होतीस. बाण नुसते राजाभोवती फिरत होते.” तेव्हापासून तिला घास गोड लागत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्याच्यापासून लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. तरीही आपला विचार पूर्ण व्हायच्या आत कुणीतरी तो बघतंय, ही गोष्ट अंगावर मुंगी चढल्यासारखी वाटायची.

ऐनापुरेंचा हत्ती सहाव्या रांगेत टेकला. त्यांची बोटं त्यावरून सुटली.

नीलांबरीने पटाकडे पाहिलं. तिचा वजीर पटाच्या कडेला एक प्यादं खायला गेला होता. परतीचा एकच तिरका रस्ता उरला होता आणि हत्ती नेमका त्या रस्त्यात, आपल्या उंटाच्या जोरावर, येऊन उभा होता. वजीर गेल्यात जमा होता. पलीकडून टाळ्यांचा आवाज आला.

तिने वर बघितलं. इतकी सुंदर चाल खेळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसायला हवं, ते तिथे नव्हतं. ऐनापुरे हत्तीकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणी आणून ठेवला होता.

आणि टेबलावरचा दिवा लाल झाला.

*

पंच रफीक बागवान दोघांना मागच्या छोट्या खोलीत घेऊन गेले. बागवान बँकेत नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पंचाचं काम. माणूस सरळ, नियमाला धरून चालणारा. आज त्यांचा आवाज पडला होता.

“डॉक्टर, मला विचारावंच लागेल,” ते म्हणाले. “तीन चालींचा माग नाही. आणि ही शेवटची चाल... आत्ताच मी संगणकावर बघितली. सर्वांत चांगली चाल तीच होती. तुमच्या मनात मात्र ती एक क्षणसुद्धा आली नव्हती. तुम्हाला काही सांगायचंय?”

“नाही,” ऐनापुरे म्हणाले.

“नाही म्हणजे?”

“म्हणजे मला काही सांगायचं नाही. नियमाप्रमाणे जे असेल ते करा.”

बागवान गोंधळून नीलांबरीकडे वळले. “मॅडम, मग गुण तुम्हाला जातो. डॉक्टरांवर तीन वर्षं बंदी आणि संघटनेच्या यादीत नाव. तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ताच सांगा, मग मी कळवतो.”

नीलांबरीला आधी वाटलं ते हायसंच. वजीर वाचला. डाव वाचला. राज्य स्पर्धा. मग तिला त्या वाटण्याची लाज वाटली, आणि लाज गेल्यावर कसलीतरी टोचणी राहिली. ऐनापुरे आणि लबाडी? हा माणूस गुरुवारी प्याद्याला चुकून बोट लागलं तरी तेच खेळायचा, ती “असू दे हो” म्हणत असताना.

“त्या तीन चाली मला दाखवता का?” तिने विचारलं.

बागवानांनी टॅब पुढे केला. पडद्यावर प्रत्येक चालीसाठी दोन बाण होते, निळा मनातला आणि पांढरा हाताचा. पहिल्या चालीत उंटाला पटाच्या कडेपर्यंत जायचं होतं, तो एक घर अलीकडे थांबला होता. दुसऱ्या चालीत प्याद्याला दोन घरं जायचं होतं, ते एकच घर गेलं होतं. तिसऱ्या चालीत हत्तीला सातवी रांग गाठायची होती, तो सहाव्या रांगेत टेकला होता.

तिन्ही वेळा दिशा बरोबर होती. तिन्ही वेळा हात अलीकडेच थांबला होता.

बाहेरून कुणी चाल सांगत असतं तर ती कुठलीही असती. कधी घोडा, कधी दुसऱ्या टोकाचं प्यादं. ती दर वेळी बरोबर एक घर तोकडी कशी पडेल? यंत्र बनवणाऱ्यांनी दोनच शक्यता धरल्या होत्या, चाल आतून आली किंवा बाहेरून आली. तिसरी त्यांना सुचली नव्हती. चाल आतूनच निघाली, पण हाताने ती पोचवली नाही.

नीलांबरीने टॅब खाली ठेवला. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि ते करणार होते डॉक्टर ऐनापुरे.

“मला डॉक्टरांशी थोडं बोलायचंय,” ती म्हणाली. “एकटीने.”

*

खोलीबाहेर एक अरुंद गच्ची होती. खाली रस्त्यावर कलिंगडाच्या गाड्यावर पाणी मारण्याचा आवाज येत होता. ऐनापुरे कठड्याला टेकून उभे राहिले, दोन्ही हात खिशात.

“कधीपासून?” नीलांबरीने विचारलं.

ती काय विचारतेय हे आपल्याला कळलंच नाही असं दाखवायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

“दिवाळीपासून,” ते म्हणाले. “आधी वाटलं, मान आखडली असेल. चहाचा कप टेबलावर ठेवायला जावं आणि टेबल यायच्या आधीच हात थांबावा. लहान मेंदूचं दुखणं आहे. अंतराचा अंदाज बिघडतो. मी स्वतःच स्वतःला तपासलंय. कुठे दाखवलं नाही.”

“वहिनींना माहितीय?”

“नाही.”

“आणि ऑपरेशनं?”

“तिथे वेगळं असतं.” त्यांचा आवाज एकदम भराभर यायला लागला, जणू हे वाक्य त्यांनी पुष्कळदा स्वतःला म्हणून दाखवलं होतं. “तिथे मनगट टेकलेलं असतं. सूक्ष्मदर्शक असतो. हालचाल असते ती तांदळाच्या दाण्याएवढी. लांब जायला लागलं तरच हात चुकतो. आतापर्यंत एकालाही काही झालेलं नाही, मॅडम. एकालाही नाही.”

“तुम्ही आत काहीच का बोलला नाहीत? लबाड म्हणून नाव लागेल तुमचं.”

“लागू दे. लबाड ठरलो तर लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. आजारी ठरलो तर उद्या दवाखान्याला कुलूप. मला दुसरं येतं काय? तीस वर्षं मी फक्त हे केलंय.” त्यांनी प्रथमच तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही गुण घ्या. तुमचा हक्क आहे. मी आनंदाने देतोय.”

खाली रस्त्यावर आलेल्या रणधीरने तिला पाहिलं आणि हात हलवला. गुण तिला जाणार ही बातमी त्याला कुणीतरी दिली असणार. त्याने अंगठा वर केला. तिने मान फिरवली.

तिच्या डोक्यात विचारांची नुसती धावपळ चालली होती. हे बागवानांना सांगितलं तर एका माणसाचं सगळं आयुष्य ती एका वाक्यात संपवणार. नाही सांगितलं तर तो लबाड ठरणार, आणि हे सगळं ठाऊक असून ती ट्रॉफी घेऊन घरी जाणार. तिसरा काही मार्ग असायला हवा. तिने तो शोधला आणि सापडल्यावर तिला बरं वाटलं.

ती खोलीत परतली. ऐनापुरे मागून आले, पण दारातच थांबले.

“बागवानसाहेब,” नीलांबरी म्हणाली, “माझी तक्रार नाही. खिडकीतून ऊन सरळ डॉक्टरांच्या डोळ्यांवर येत होतं. मी समोर बसले होते, मला दिसत होतं. त्यांचा हात घसरला. समोरच्या खेळाडूने संमती दिली तर अशी चाल परत घेता येते ना?”

“येते,” बागवान म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. “अनवधानाने झालेली चाल. तुमची संमती असेल तर शेरा मी तसाच लिहितो. पण मॅडम, तुमच्या लक्षात येतंय ना? चाल परत गेली की तुमचा वजीर सुटतो. पण तुम्ही गुणही सोडताय.”

“खेळूनच काय ते ठरू दे.”

“झालं तर मग. चला, खिडकीला पडदा लावतो.”

तिघं टेबलाशी आले. बागवानांनी हत्ती उचलून मागे जिथे होता तिथे ठेवला. लाल दिवा विझवला. नीलांबरी खुर्चीत बसली. तिला वाटलं, सगळं निभावलं. अण्णांचं काय ते नंतर बघता येईल. काहीतरी कारण सांगून तारीख पुढे ढकलता येईल, सांगलीला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेता येईल. कुणाला काही कळायचं नाही.

ऐनापुरे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

“मॅडम,” ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, “अण्णांना सोमवारी आणताय ना? सकाळी उपाशी पोटी आणा.”

नीलांबरीने तोंड उघडलं. ‘हो’ हा एवढासा शब्द. तो ओठांपर्यंत पोचलाच नाही. तिने पटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे पाहिलं.

ऐनापुरेंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना राग आला असेल असं तिला वाटलं. पण ते रागावलेले नव्हते.

“सोमवारी माझ्याकडे आणखी माणसं आहेत,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्यांच्यातलं कुणी माझ्यासमोर बुद्धिबळ खेळत नाही.”

मग त्यांनी तो हत्ती दोन्ही हातांनी धरला, एका हाताने दुसऱ्याला आधार देत, आणि पुन्हा सहाव्या रांगेत नेऊन ठेवला. वजिराच्या वाटेत.

“डॉक्टर, हे काय?” बागवान म्हणाले.

“चाल सुटली ती सुटली. माझ्या ऑपरेशनच्या टेबलावर परत घेता येत नाही, तर इथे कशाला घेऊ?” ऐनापुरे म्हणाले. “आणि बागवान, मॅडम खोटं बोलतायत. ऊनबिन काही नव्हतं. मला आजार आहे. माझा हात मी सांगतो तिथपर्यंत पोचत नाही. तुमच्या त्या यंत्राने हे बरोबर ओळखलंय, फक्त त्याला नाव चुकीचं दिलंय. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.”

खेळाच्या खोलीत तिघांशिवाय कुणी नव्हतं. पण बागवानांनी पंचाचा बोलण्याचा माईक बंद केला नव्हता, हे तिघांच्याही नंतर लक्षात आलं. भिंतीपलीकडे इतकी शांतता झाली होती की पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

बागवान खुर्चीवर बसले. उठले. पुन्हा बसले. शेवटी म्हणाले, “ज्यांना हात चालवता येत नाही, त्यांना मदतनीस देता येतो. तुम्ही तोंडाने चाल सांगायची, मी मोहरं हलवेन. तशी तरतूद आहे. खेळायचंय का?”

ऐनापुरेंनी नीलांबरीकडे बघितलं. “मॅडमची तयारी असेल तर.”

“वजीर जाणार आहे माझा,” नीलांबरी म्हणाली. “दया म्हणून सोडणार नाही मी.”

“मीही नाही.”

ते खेळले. नीलांबरीने वजीर देऊन हत्ती आणि उंट घेतला आणि जिवाच्या आकांताने लढली. ऐनापुरे डोळे मिटून चाल सांगत, बागवान मोहरं ठेवत. एकदा ऐनापुरे चुकले आणि तिचं एक प्यादं शेवटच्या रांगेकडे धावत सुटलं. तेव्हा पलीकडच्या लोकांच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पण त्यांच्या वजिराने शहावर शह देत ते प्यादं गाठलं. नीलांबरीने हार मानून राजा आडवा केला आणि त्यांचा हात हातात घेतला.

घरी जाताना रणधीर गाडी चालवत होता. तो म्हणाला, “सगळे म्हणतायत, तुझ्यामुळे खरं बाहेर आलं.”

“माझ्यामुळे नाही,” ती म्हणाली. “मी लपवायला निघाले होते. अण्णांना वाचवायचं आणि बाकीच्यांना तिथेच ठेवायचं, असं ठरवून बसले होते मी.”

रणधीरने गाडीचा वेग कमी केला. त्या रात्री जेवताना तो तिच्या खेळाबद्दल काहीच बोलला नाही.

*

सोमवारी नीलांबरी अण्णांना घेऊन ऐनापुरेंच्याच दवाखान्यात गेली. जावं की नाही हे तिचं शेवटपर्यंत ठरत नव्हतं. पण दाराला कुलूप नव्हतं. ऑपरेशन त्यांची सहकारी, डॉक्टर केतकी नागराळे करणार होती. वयाने लहान, बोलायला कमी. रुग्णांना आदल्या दिवशी ऐनापुरेंनी स्वतः एकेकाला फोन केला होता. काहींनी दुसरा दवाखाना गाठला, काही आले.

अण्णांना आत नेलं. नीलांबरी बाहेरच्या बाकावर बसली, आणि थोड्या वेळाने ऐनापुरे येऊन तिच्या शेजारी बसले. या बाकावर ते पूर्वी कधी बसले नसावेत. तो किती कडक आहे याचं त्यांना नवल वाटलेलं दिसत होतं.

“तुम्ही आत उभे राहणार होता ना?” तिने विचारलं.

“केतकीने बाहेर काढलं. म्हणाली, सर, तुम्ही श्वास घेता तोही मला ऐकू येतो.”

आतून कसलातरी बारीक आवाज आला की ऐनापुरे अर्धवट उठत आणि पुन्हा बसत. मग त्यांनी डोळे मिटले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती, अगदी थोडी, एकेक करून. नीलांबरी ते बघत राहिली. अंगठा आणि तर्जनी जवळ आली, थांबली, किंचित वळली.

“आता गढूळ भिंग फोडून ओढून घेतेय,” ते पुटपुटले. “सावकाश. घाई नको, केतकी. आता नवीन भिंग. घडी घालून आत सोडायचं आणि ते आपोआप उलगडेपर्यंत थांबायचं. थांबायचं असतं तिथे. तेच अवघड असतं.”

त्यांची बोटं हळूहळू स्थिर झाली.

बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. ऐनापुरेंनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. नीलांबरीने पर्समधली पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, तिने टोपण उघडून देण्याची वाट पाहिली, आणि मग दोन्ही हातांनी धरून पाणी प्याले.

दार उघडलं. केतकी नागराळे मास्क खाली ओढत बाहेर आली.

“झालं, सर.”

“वेळ बराच लागला,” ऐनापुरे म्हणाले.

“तुमच्यापेक्षा जास्त,” ती म्हणाली. “पण भिंग बरोबर बसलंय. बघायला येताय का?”

ऐनापुरे उठले. बाकाला हात टेकून क्षणभर उभे राहिले, आणि मग तिच्या मागोमाग आत गेले.